कादंबरी की उपन्यास? ग्रंथव्यवहारातील मराठी शब्द आणि भोपाळचे मराठी घर

एखाद्या प्रदेशात मराठी मागे हटू लागते, तेव्हा आपण तिची पीछेहाट दुकानांच्या फलकांवर, शाळांच्या पटावर आणि सरकारी अर्जांवर मोजतो. ते योग्यच आहे. परंतु भोपाळमध्ये राहून मला जे दिसले, ते असे की भाषा सर्वांत आधी पुस्तकांच्या कपाटापाशी मागे हटते. स्वयंपाकघरातील शब्द टिकतात, नात्यागोत्याचे शब्द टिकतात, सणावारांचे तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पुस्तक, वाचन आणि साहित्यप्रकार यांविषयीचे शब्द मात्र एकेक करून शेजारच्या भाषेतून येऊ लागतात, आणि घरात कोणाच्या ते ध्यानातही येत नाही.

भोपाळच्या मराठी समाजाची घडण सीमेपलीकडच्या वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. सचिवालयाच्या दप्तरांबरोबर अनेक मराठी कर्मचारीही नागपुराहून येथे आले. माझे वडील त्यांपैकी एक. माझा जन्म भोपाळचा, कायद्याची पदवी येथलीच आणि वकिलीही येथलीच. घरात मराठी, न्यायालयात हिंदी, असे माझे आयुष्य गेले. सौंसर, पांढुर्णा, मुलताई, बऱ्हाणपूर या भागांतील मराठी माणसे आपापल्या गावी राहूनच हिंदी राज्याचे नागरिक झाली. आम्ही गाव सोडून आलो. परिणाम मात्र दोघांवर सारखाच झाला.

काही वर्षांपासून दर रविवारी सकाळी आमच्या वसाहतीतील आठ-दहा मराठी मुले माझ्याकडे वाचनासाठी येतात. मुले मराठी बोलतात. तरीही त्यांच्या तोंडी वाक्य येते, "आजोबा, मी ही उपन्यास पढली." क्रियापदाचा प्रत्यय मराठी, शब्द हिंदी. 'पढणे' हा शब्द मराठीत नाही असे नाही. पण त्याला घोकंपट्टीचा वास आहे. समर्थांनी दासबोधात 'पढतमूर्ख' नावाचा एक अख्खा समास लिहिला आहे. हिंदीत 'पढ़ना' या एकाच क्रियापदात वाचणे, शिकणे आणि अभ्यास करणे अशा तिन्ही क्रिया सामावतात. मराठीने त्या वेगळ्या ठेवल्या. 'वाचणे' हे 'वच्' या धातूच्या प्रयोजक रूपाशी नाते सांगते: अक्षरांना बोलायला लावणे. याशिवाय आपल्याकडे 'चाळणे' आहे, 'पारायण' आहे, 'पोथी लावणे' आहे. या प्रत्येक शब्दात पुस्तकाशी असलेले निराळे नाते आहे. मुलाच्या तोंडी एकच 'पढणे' उरले, की ही नातीही एकच होऊन जातात.

लिपी एकच असल्यामुळे हिंदी-मराठी सीमेवर अडचण अधिक गहन होते. शब्द ओळखीचा दिसतो, म्हणून अर्थही ओळखीचा वाटतो. 'लघुकथा' मराठीत सामान्यतः आठ-दहा पानांची कथा. हिंदीत मात्र 'लघुकथा' म्हणजे पानभराची अगदी छोटी रचना आणि आपण जिला लघुकथा म्हणतो ती 'कहानी'. उलट मराठीतील 'कहाणी' श्रावणातल्या व्रताची असते किंवा कोणाच्या दुःखाची. 'चरित्र' आपल्याकडे जीवनवृत्तांत. हिंदीत स्वभाव किंवा नाटकातील पात्र, आणि जीवनवृत्तांताला 'जीवनी'. 'आवृत्ती' म्हणजे पुस्तकाचे 'संस्करण'. हिंदीत तो शब्द पुनरावृत्तीसाठी किंवा वारंवारतेसाठी. 'प्रवासवर्णन' हिंदीत 'यात्रा-वृत्तांत' होते, कारण तेथे 'प्रवास' म्हणजे परदेशी किंवा परगावी राहणे. 'प्रकरण' हा शब्द तर माझ्या दोन्ही आयुष्यांत रोज येतो: येथील न्यायालयात प्रकरणाला क्रमांक असतो, मराठी पुस्तकात प्रकरणाला शीर्षक असते.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, हे मला एका कामात प्रत्ययास आले. एका निवृत्त मराठी शिक्षकांनी मराठीत मृत्युपत्र लिहून ठेवले होते. त्यात दोन वाक्ये होती. आपली चरित्रे, प्रवासवर्णने आणि काव्यसंग्रह वाचनालयास द्यावेत. आणि घरातील बाकीचे साहित्य पुतण्याने घ्यावे. पुतण्याने वृद्धापकाळी त्यांची सेवा केली होती. हिंदी भाषांतरात 'चरित्रे' यांचे 'चरित्र' झाले, आणि ते वाचनालयास कसे द्यावे हे कोणाला उमगेना. त्याहून गंभीर गोष्ट दुसऱ्या वाक्यात होती. 'साहित्य' हा शब्द जसाच्या तसा हिंदीत गेला. हिंदीत साहित्य म्हणजे वाङ्मय. इतर वारसांनी म्हटले, पुतण्याला उरलेली पुस्तके तेवढी द्या. भांडीकुंडी, कपाटे, शिवणयंत्र यांविषयी मृत्युपत्र मुके आहे, तेव्हा ती आम्हा सर्वांत वाटली जावीत.

मी पुतण्याच्या बाजूने उभा होतो. मराठीत पूजेचे साहित्य असते, स्वयंपाकाचे साहित्य असते, बांधकामाचे साहित्य असते. मोल्सवर्थच्या कोशात या शब्दाचा साधनसामग्री हा अर्थ नोंदलेला आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ यातील तत्त्व असे की मृत्युपत्रात पारिभाषिक शब्द असण्याची आवश्यकता नाही. लिहिणाऱ्याचा उद्देश शब्दांतून कळला पाहिजे. पण तो कळण्यासाठी लिहिणाऱ्याची भाषा कळावी लागते. कोशाचे पान आणि मूळ मराठी कागद समोर ठेवल्यावर वारसांचा आग्रह मावळला आणि तडजोड झाली. मला अधिक खटकले ते निराळेच. त्या वारसांपैकी तिघे मराठी घरात वाढलेले होते. त्यांनी कपटाने हिंदी अर्थ लावला नव्हता. त्यांना तेवढाच अर्थ ठाऊक होता.

आता 'कादंबरी'कडे येऊ. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकृतीचे नाव मराठीने एका संपूर्ण साहित्यप्रकाराला दिले. १८५७ साली बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली, ती मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. हिंदीने बंगालीच्या वाटेने 'उपन्यास' घेतला, गुजरातीने 'नवलकथा' घडवली, उर्दूने 'नॉव्हेल' हाच शब्द आपल्या उच्चारात रुळवला. आणि कन्नडने? कन्नडातही 'कादंबरी'च. बेळगाव-निपाणीकडील वाचकांना हे सांगायला नको. इतकेच नव्हे, कन्नडात 'उपन्यास' म्हणजे व्याख्यान आणि 'उपन्यासक' म्हणजे महाविद्यालयात व्याख्यान देणारा. म्हणजे ज्या भाषेशी आपला सीमावाद इतकी वर्षे चालला आहे, तिच्याशी या शब्दात आपले सख्य आहे. आणि जिच्याशी लिपी एक आहे, तिच्याशी भेद आहे. यातून आपण एवढेच घ्यावे की शब्दांचे नकाशे राज्यांच्या नकाशांवर बेतलेले नसतात.

हिंदीविषयी माझ्या मनात आकस नाही, आणि भोपाळमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तो शोभणारही नाही. येथील वृत्तपत्रांचे मोठे संग्रहालय १९८४ मध्ये स्थापन झाले आणि त्याला नाव आहे माधवराव सप्रे यांचे. दमोह जिल्ह्यातील पथरियाला जन्मलेल्या या मराठी माणसाने हिंदी पत्रकारितेचा पाया घालण्यास हातभार लावला आणि 'दासबोध' व टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण तर याहून बोलके आहे. घर मराठी, थोरले गजानन माधव हिंदीचे श्रेष्ठ कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी व समीक्षक, १९७९ च्या साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी. थोरल्या भावाचे 'विपात्र' हा लघु उपन्यास, धाकट्याची 'क्षिप्रा' ही कादंबरी. या मंडळींना दोन्ही भाषा पूर्ण येत होत्या, म्हणून त्यांनी दोन्हींना काही दिले. अर्धवट दोन भाषा येणाऱ्याच्या हातून कोणत्याच भाषेला काही मिळत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद २९ ने नागरिकांच्या प्रत्येक समूहाला आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला आहे. अनुच्छेद ३५०-क, जो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करावा असे राज्यांना सांगतो. या सोयी मागत राहणे हे आपले कर्तव्य आहे, आणि अर्ज लिहून देण्यास माझ्यासारखे वकील आहेतच. परंतु हक्काने शाळा मिळेल, पुस्तकही मिळेल. पुस्तकाविषयी बोलण्याची सवय कोणताही अनुच्छेद देऊ शकत नाही.

म्हणून रविवारच्या मुलांबरोबर आम्ही एक साधा उपक्रम चालवतो. कपाटाच्या प्रत्येक फळीवर मुलांच्याच अक्षरात चिठ्ठी लावली आहे: कादंबरी, कथा, चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, ललित लेख, नाटक, कविता. पुस्तक परत ठेवताना मुलाने ते कोणत्या फळीवर जाईल आणि का, हे मराठीत सांगायचे. हिंदी शब्द आला तर मी रागावत नाही. दोन्ही शब्द फळ्यावर लिहितो आणि दोहोंचा अर्थ विचारतो. आमच्या कपाटात एक फळी मात्र अशी आहे की जिच्या चिठ्ठीला हिंदीत जोडीदार शब्दच सापडत नाही. तिच्यावर लिहिले आहे: ओवी, अभंग, बखर, पोवाडा, भारूड. ही फळी भरण्यासाठी जुन्या पुस्तकांच्या प्रती हव्या आहेत. नागपूर, अमरावती, बेळगाव, कोठूनही कोणाच्या माळ्यावर त्या पडून असतील, तर त्या रद्दीत घालू नयेत, एवढीच सीमेपलीकडच्या वाचकांना विनंती.