हाड!

सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याने खोली घेतली तेव्हा घरमालकिणीने तीन सूचना दिल्या. कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, भूकंप झाला तर गॅस कुठून बंद करायचा, आणि गोल्डन गेट पार्कात कायोटी दिसला तर पळत सुटायचं नाही. तिसरी सूचना मला तेव्हा गमतीची वाटली होती.

कायोटी फोटोत आपला कोल्हा म्हणून सहज खपेल. समोर आला की कळतं, पाय उंच, अंग थोराड, आणि नजर लांडग्याची. एके काळी या शहरातून त्याला संपवलं होतं. मग 2002 च्या सुमारास तो प्रेसिडिओत पुन्हा दिसू लागला आणि हळूहळू बागाबागांतून पसरला. उंदीर, घुशी, पडलेली फळं, काहीही चालतं त्याला.

माझी पहिली भेट मे महिन्यातली. सकाळचं धुकं, हातात रूममेटच्या मोमोचा पट्टा. मागे वळले तर वीसेक पावलांवर कायोटी. आम्ही थांबलो की तो थांबे, चाललो की चाले. पोटात गोळा आला. मोमोला उचललं आणि त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे सरत राहिले. पुढच्या वळणावर तो आपोआप थांबला. नंतर वाचलं की पिल्लांच्या दिवसांत ते असं करतात. कुत्रा दिसला की त्याला बिळापासून लांब नेऊन सोडतात. आपण पाहुण्याला कोपऱ्यापर्यंत पोचवतो ना, तसंच. फक्त इथे पाहुणा नक्की गेला याची खात्री हवी असते. अशा वेळी ओरडायचं नाही, गुपचूप निघायचं.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “त्यात काय, इथे खारघरलाही कोल्हे दिसतात.”

दुसरी भेट वेगळी होती. पार्किंगमध्ये एक तरणा कायोटी गाड्यांजवळ चक्क बसून होता. एका माणसाने काच खाली करून चिकनचा तुकडा टाकला. वन्यप्राण्यांना खायला घालणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे, पण मला कायदा नाही, जून 2024 आठवला. याच पार्कातल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये पाच वर्षांच्या मुलीला कायोटी चावला आणि त्यानंतर लगेच तिथले तीन कायोटी गोळ्या घालून मारले गेले. माणसाला न बिचकणाऱ्या कायोटीला या शहरात फार दिवस मिळत नाहीत.

त्याला पिटाळायला हवं होतं. हात वर करून, मोठा आवाज काढून. पण आमच्या घरी आजी पहिली भाकरी दारातल्या कुत्र्याला घालायची. दारी आलेल्याला हाकलू नये हे इतकं मुरलंय की घसा उघडेना. तो तुकड्याकडे सरकला तेव्हा कुठे तोंडातून निघालं, “हाड! हाड!” इंग्रजी सुचलंच नाही.

तो दोन पावलं मागे गेला. थांबला. माझ्याकडे बघत राहिला. वाईट वाटलं, खरंच. मी पाय आपटला, पाण्याची बाटली खांबावर बडवली, पुन्हा ओरडले. या वेळी तो झुडपांत पळाला.

गाडीतला माणूस म्हणाला, बिचारा भुकेला होता. काच वर करून तो निघून गेला. चिकन डांबरावर तसंच पडलं होतं. मी ते टिश्यूत गुंडाळून झाकणाच्या कचरापेटीत टाकलं.