आधी मिस्त्री शोध, मनू

चि. मनू,


१ जुलैला तू रोटरी क्लबची अध्यक्ष होणार आणि पहिलंच काम युगांडातल्या खेड्यांना प्यायचं पाणी देण्याचं, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. कंपालाचा क्लब यजमान, तुमचा क्लब भागीदार, बोअर मारायला तिथली एक सेवाभावी संस्था, आणि ग्लोबल ग्रँटसाठी लागतो तो किमान ३० हजार डॉलरचा आराखडा, एवढी जुळवाजुळव झाली आहे म्हणे. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्ती पथकात झाली. तेव्हा या एका विषयात मामाचं ऐक.

तिथे बसेल तो पंप बहुधा आपल्याच घराण्यातला असेल. ते त्याला यू-टू म्हणतात. मूळचा आपला इंडिया मार्क टू. १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तो घडला, आणि त्याची बांधणी मिशनच्या लोकांनी सोलापुरात केलेल्या पंपावरून घेतलेली. पंप दणकट आहे, पण जमिनीखाली सिलिंडरमधलं वायसर झिजतंच. मग दांडा कितीही मारा, पाणी चढत नाही. वायसर स्वस्त असतं. ते बदलायला मात्र तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप एकेक करून वर काढावे लागतात. त्याला चार माणसं, अवजारं आणि गाडी लागते. हे सगळं कोण आणणार, हे बोअर मारण्याआधी ठरलेलं हवं.

दुसरं दुखणं पाण्याचं. भूजल आम्लधर्मी असेल तर गॅल्व्हनाइज्ड पाइप आतून गंजतात. सकाळची पहिली कळशी तांबडी येते, तोंडात लोखंडाची चव राहते, धुतलेल्या कपड्यांवर डाग पडतात. बायका पुन्हा डबक्याकडे वळतात आणि कागदावर पंप चालूच असतो! पीएच साडेसहाच्या खाली आला तर स्टेनलेस स्टीलच्या पाइपांचाच हट्ट धर.

सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सुमारे एक तृतीयांश हातपंप बंद असल्याचा अंदाज २००९ मध्ये निघाला होता. त्याच वर्षी रोटरीने अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदतसंस्थेबरोबर घाना, डोमिनिकन रिपब्लिक आणि फिलिपिन्समध्ये पाण्याचं काम हाती घेतलं. पुढे ही कामं टिकतील का, हे पाहायला त्यांनी एक तपासणी बसवली. तिच्यात पंपाइतकंच महत्त्व पैशाला, व्यवस्थापनाला आणि सरकारी यंत्रणेला होतं. मला ते अगदी पटतं. तुमच्याकडे अध्यक्ष दरवर्षी बदलतो. उद्घाटन तुझ्या वर्षात होईल, वायसर मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी वर्षात झिजेल.

युगांडात जिल्ह्याजिल्ह्यांत हातपंप मिस्त्रींच्या संघटना आहेत. कंपालाच्या क्लबला सांगून त्यांना करारात घे. त्यांची मजुरी, सुट्या भागांचं दुकान आणि गावच्या पाणी समितीची वर्गणी यांचा हिशेब आधी मांड. त्यासाठी नव्या बोअरचा आकडा कमी करावा लागला तरी चालेल. वाचलेल्या पैशातून बंद पडलेले जुने पंप दुरुस्त करा. फोटो साधे येतील, पण पाणी तेवढंच येईल.

अर्ज पाठवण्याआधी मसुदा मला दाखव. पाण्याच्या तपासणीचा अहवालही सोबत जोड.

तुझा,
मामा