टोकावरची चकती

स्नूकरची क्यू साधारण पावणेपाच फूट लांब असते. अॅश किंवा मेपलच्या लाकडाची, हाताला गुळगुळीत, मागे जड आणि पुढे निमुळती. परंतु चेंडूला या साऱ्या लाकडाचा स्पर्श कधीच होत नाही. स्पर्श होतो तो टोकावरच्या पितळी कड्यावर चिकटविलेल्या नऊदहा मिलिमीटर व्यासाच्या एका चकतीचा, आणि तोही सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरता. या चकतीला टिप म्हणतात. क्यू वीसवीस वर्षे टिकते. टिप मात्र झिजते, पसरते, सुटते आणि बदलावी लागते.

टिप निवडताना खेळाडू प्रथम तिचा मऊपणा पाहतात. मऊ टिप खडू चांगला धरते, चेंडूला फिरकी देते. पण थोड्याच दिवसांत कडेने भूछत्रासारखी पसरते. कडक टिप आकार राखते, मात्र तिच्यावर खडू ठरत नाही आणि ऐन वेळी टोक चेंडूवरून निसटते. प्रत्येक खेळाडू या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आपली जागा शोधतो. एखादी टिप मनासारखी जमली की तिला हात लावू देत नाही. चांगल्या मुनिमाविषयी जुने शेठ जसे हळवे असत, तसेच काहीसे हे आहे.

नेवाशातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी मात्र हा प्रश्न वेगळ्याच बाजूने उभा राहिला. नातू पुण्यात वाणिज्य शाखेत शिकतो. संवत्सरीसाठी घरी आला तेव्हा क्यूची पेटी बरोबर होती, कारण परतल्यावर दहाव्या दिवशी त्याची महाविद्यालयीन स्पर्धा होती आणि टिप सैल झाली होती. दुपारी दुकानाच्या माडीवर तो नवी टिप बसवायला बसला. शेजारी चोपड्या चाळणाऱ्या दादाजींनी सहज विचारले, "हे कशाचं असतं रे?"

"चामड्याचं, दादाजी."

"कोणाच्या?"

नातवाने हे कधी पाहिले नव्हते. त्याने मोबाइलवर शोधले. ती टिप थरांची होती, आणि ते थर डुकराच्या कातड्याचे होते. दादाजी काही बोलले नाहीत. त्यांनी चोपडी मिटली, एवढेच. ज्या घरात चामड्याचा पट्टा किंवा पाकीट वापरले जात नाही, त्या घरात हा मुलगा चार वर्षे रोज कातड्याने खेळत होता आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नव्हते.

येथे एक गोष्ट खेळाच्या बाजूने सांगितली पाहिजे. चामडे हौसेखातर आलेले नाही. पूर्वी उघड्या लाकडाच्या टोकाने खेळत. मध्यापासून थोडे बाजूला मारले की टोक घसरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मँगो नावाच्या फ्रेंच सैनिकी अधिकाऱ्याने क्यूला चामड्याचे टोक बसविले असे मानले जाते. तेव्हापासून चेंडूला मागे ओढणे, वळविणे शक्य झाले. आजचा खेळ त्या चकतीवर उभा आहे.

परंतु हाच खेळ एकेकाळी हस्तिदंतावरही उभा होता. स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या छावणीत झाला असे सांगतात. त्या काळी बिलियर्ड्सचे उत्तम चेंडू हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून चांगले असे जेमतेम चारपाच चेंडू निघत. आजच्या बावीस चेंडूंचा हिशेब मांडला तर एका टेबलासाठी दोनतीन हत्ती होतात. टंचाई भासू लागली तेव्हा अमेरिकेतील एका उत्पादकाने पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्या खटपटीतून जॉन वेस्ली हायट सेल्युलॉइडपर्यंत पोहोचला. पुढे कृत्रिम राळेचे चेंडू आले आणि हस्तिदंत मागे पडले. हे करुणेने घडले नाही, महागाईने घडले. तरीही हत्ती वाचले ते वाचलेच. आणि खेळाचे काही बिघडले नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले.

नातवाने रात्री हे सारे दादाजींना वाचून दाखविले, काहीसे स्वतःच्या समर्थनासाठी. दादाजींनी त्यातून भलताच अर्थ काढला.

"म्हणजे चामड्यालाही काहीतरी दुसरं निघालं असेल. किंमत विचार."

निघाले होते. पूल या खेळातील पहिल्या जोरकस फटक्यासाठी राळेच्या कडक टिप मिळतात; त्या स्नूकरच्या कामाच्या नाहीत. पण चामडे मुळीच नसलेल्या, कृत्रिम थरांच्या टिपही मोजके उत्पादक विकतात. त्या पुण्यातल्या दुकानात नव्हत्या. मागवाव्या लागणार होत्या आणि नेहमीच्या टिपेहून बऱ्याच महाग होत्या. शिवाय स्पर्धा तोंडावर असताना हाताची सवय मोडणे म्हणजे धोकाच. नातवाने तसे स्पष्ट सांगितले.

दादाजींनी आग्रह धरला नाही. "पटलं तर कर. माझ्यासाठी करू नकोस," एवढेच ते म्हणाले. दादीने मात्र जेवताना नातवाला एक जुनी गोष्ट सांगितली. लग्नसराईत दुकानाची निम्मी कमाई शुद्ध रेशमी शालूंवर होत असे, त्या काळात दादाजींनी कोश उकळण्याची रीत ऐकून तो माल ठेवणे बंद केले होते. दोन हंगाम ओढगस्तीत गेले. सासरे वर्षभर नीट बोलले नाहीत.

टिप चार दिवसांनी पुण्याला आली. ती बसविण्याची रीत चामड्याच्या टिपेसारखीच. जुनी चकती धारदार पात्याने कापून काढायची, पितळी कड्यावरचा वाळलेला गोंद खरवडून तोंड अगदी सपाट करायचे. नव्या टिपेची खालची बाजू सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या पॉलिशपेपरवर हलकेच घासायची. टिप कड्याहून किंचित मोठी घ्यावी. कमी करता येते, वाढविता येत नाही. चिकटविण्याबाबत दादाजींनी फोनवर मुद्दाम विचारले होते, कारण सुतारांचा जुना सरस हाडाकातड्यांपासून होतो हे त्यांना ठाऊक होते. हल्ली झटपट चिकटणारा रासायनिक गोंद वापरतात, त्याचा एक थेंब पुरतो. मग टिप मधोमध बसवून दाबायची आणि पुरेसा वेळ हात लावायचा नाही. घाई करणाऱ्यांच्या टिप पहिल्याच जोरदार फटक्याला उडतात. शेवटी क्यू उलटी धरून कडेची वाढीव गोलाई पात्याने तासायची आणि माथ्याला नाण्याच्या कडेसारखा घुमट द्यायचा.

पहिले तीन दिवस वाईट गेले. आवाज वेगळा येई, खडू अधिक वेळा लावावा लागे, फिरकी हवी तेवढी मिळेना. नातवाने वहीत निसटलेले फटके लिहून ठेवले. चौथ्या दिवसापासून ते कमी होत गेले. स्पर्धेत तो दुसऱ्या फेरीत हरला. प्रतिस्पर्धी त्याच्याहून सरस होता, हे त्याने घरी तसेच सांगितले.

दादाजींनी हार ऐकून घेतली आणि मग विचारले, "टिप टिकली का?"

टिकली होती. दिवाळीत तो येईल तेव्हा वही घेऊन ये, असे त्यांनी बजावले आहे. त्यांना आकडे पाहायचे आहेत.