गुरुजी, मोबाइलात बाण आला!

बालमित्रांनो, कॉम्प्युटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? टेबल, त्यावर पडदा, शेजारी डबा, पुढ्यात कीबोर्ड आणि लांब शेपटीचा माऊस. हो ना? माझ्याही डोळ्यांपुढे तेच यायचं. पण जामसरच्या मुलांनी माझी ही समजूत बदलून टाकली. कशी, ते सांगतो.

जामसर हे पालघर जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातलं गाव. उतारावर नागली-वरई, खाचरात भात. मी इथे प्राथमिक शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला एका संध्याकाळी विजा कडाडल्या आणि सकाळी पाहतो तो काय, आमचा एकुलता एक कॉम्प्युटर गप्प! दुरुस्तीवाल्याने डबा उघडला, आत पाहिलं आणि नुसती मान हलवली. कीबोर्ड आणि माऊस मात्र धडधाकट होते. ते कपाटात ठेवायला मी निघालो, तेवढ्यात पाचवीतली एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, हे तुमच्या मोबाइलला लावले तर?”

सगळा वर्ग हसला. खरं सांगतो, मीही हसलो. पण घरी जाताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

रविवारी जव्हारच्या बाजारात गेलो आणि मोबाइलच्या दुकानातून एक बोटभर लांबीची वायर घेऊन आलो. तिला म्हणतात ओटीजी, म्हणजे ‘ऑन द गो’. सोमवारी वायरचं एक टोक फोनमध्ये घातलं, दुसऱ्यात माऊस खुपसला. क्षणभर काहीच झालं नाही. मग फोनच्या काचेवर एक इवलासा बाण उमटला आणि एक पोरगा ओरडला, “गुरुजी, मोबाइलात बाण आला!”

यातली गंमत अशी. यूएसबीच्या घरात एक असतो यजमान आणि दुसरा पाहुणा. यजमान वीज पुरवतो, हुकूम करतो. फोन कॉम्प्युटरला जोडला की तो पाहुणा होतो. या वायरच्या छोट्या टोकात पाच बारीक पट्ट्या असतात. त्यांतली एक विशिष्ट पट्टी आतून जमिनीच्या तारेला, म्हणजे अर्थला जोडलेली असते. फोनला तेवढी खूण पुरते. ‘अरे, आज मी यजमान!’ असं समजून तो माऊसला वीज देऊ लागतो. नव्या टाइप-सी फोनमध्ये खूण वेगळी असते, पण न्याय तोच. ओटीजीचे नियम २००१ साली ठरले आणि अँड्रॉइडमध्ये ही सोय २०११ साली आली. म्हणजे मुलांच्या जन्माआधीपासूनची गोष्ट, गुरुजींनाच ठाऊक नव्हती!

मग मी त्यांना सांगितलं की फोन हा कॉम्प्युटरच आहे. १९६९ साली अपोलो-११ हे यान माणसांना घेऊन चंद्रावर गेलं, तेव्हा त्यातल्या कॉम्प्युटरची कामाची स्मृती होती अवघी ४ केबी. माझ्या साध्या फोनची ४ जीबी. दहा लाखांहून अधिक पट! फोनला कमी होते ते फक्त हात, आणि ते आम्ही कपाटातून काढून दिले.

मराठी लिहिण्यासाठी एक अॅप घेऊन इन्स्क्रिप्ट ही रचना लावली. डाव्या हाताशी स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताशी बहुतेक व्यंजनं. इंग्रजी कळांवर पी, ई, सी, एम, जे अशा पाच टिचक्या मारल्या की काचेवर उमटतं ‘जामसर’! प्रत्येकाला आपल्या गावाचं नाव स्वतः लिहायचं होतं. त्या दिवशी गणिताचा तास बुडाला. नंतर भरून काढला, बरं का. आम्ही तक्ते करायला शिकलो. आकडे भरायचे, बेरीज आपोआप होते.

दिवाळी झाली आणि ती मुलगी आईबापांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायला निघाली. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं अशी जातात. “तिला हंगामी वसतिगृहात ठेवा,” असं मी सुचवून पाहिलं. पण धाकट्या भावाला कोण सांभाळणार? मला गप्प बसावं लागलं. जाताना ती म्हणाली, “गुरुजी, माझा तक्ता?” तक्ता माझ्या फोनमध्ये होता. त्याच ओटीजीला पेनड्राइव्ह जोडून मी तो काढला, तिच्या बापाच्या फोनमध्ये घातला आणि तक्ता उघडणारं अॅपही भरून दिलं.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा बाप स्वतः तिला सोडायला आला. म्हणाला, “गुरुजी, पोरीनं रोजचा हिशेब ठेवला.”

भट्टीवर हजार विटांमागे मजुरी ठरलेली असते. आगाऊ घेतलेली उचल त्यातून वजा होते. रात्री बापाचा फोन अर्धा तास हाती आला की ती त्या दिवसाच्या विटा तक्त्यात भरायची. तिथे कीबोर्ड नव्हता, माऊस नव्हता. सगळं अंगठ्याने. शेवटच्या हिशेबात दोन दिवसांच्या विटा गळल्या होत्या. बापाने फोन पुढे केला, तारखा दाखवल्या आणि ते पैसे पदरात पडले.

मी तो तक्ता पाहिला. सुट्टीच्या दिवशी तिने शून्य मांडलं होतं. भाऊ आजारी होता त्या रकान्यात ‘ताप’ असं लिहिलं होतं. शाळेच्या हजेरीपटावर मात्र त्या सगळ्या महिन्यांत तिची गैरहजेरीच होती.

पालकहो, फोन काही सगळ्या बाबतींत कॉम्प्युटरची बरोबरी करत नाही. काच लहान, डोळे शिणतात. भोक एकच, त्यामुळे साध्या ओटीजीवर कीबोर्ड लावला की चार्जिंग थांबतं. २०१७ साली सॅमसंगने ‘डेक्स’ नावाची सोय आणली. तिने फोन टीव्हीला जोडला की कॉम्प्युटरसारखा पडदा दिसतो, पण ती महागड्या फोनांत मिळते. म्हणून नवा फोन घेताना दुकानदाराला एवढं जरूर विचारा, “ओटीजी चालतं का?” काही फोनांत ते सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावं लागतं.

आणि मुलांनो, कपाटात एखादा जुना कीबोर्ड पडला असेल, तर आईबाबांना विचारून त्याला फोनची गाठ घालून द्या. पहिल्यांदा काय लिहायचं? आपल्या गावाचं नाव. दुसऱ्यांदा काय, ते आमच्या या मुलीला विचारा. ती आता वर्गातल्या लहानांना तक्ता शिकवते.