दुसरी चौकट

न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये मी बिलिंग सांभाळत होते. एखाद्या पेशंटचा खर्च मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला सरकारी आरोग्य विमा, यापुढे देणार नाही असं दिसलं, की त्याला तसं लेखी कळवायचं काम माझ्याकडे होतं. सही मिळाली, कागद फायलीत गेला, की माझ्या लेखी विषय संपायचा.

तिथे एक मराठी काकू आल्या. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. हॉस्पिटलात निदान तीन दिवस रीतसर ॲडमिट असलेल्या पेशंटचा नर्सिंग होमचा खर्च मेडिकेअर उचलतं. पहिले 20 दिवस पूर्ण, त्यानंतर 100 व्या दिवसापर्यंत रोजचा ठरावीक वाटा पेशंटने भरायचा. 2025 साली तो 209.50 डॉलर होता. पण त्यासाठी नर्सची किंवा थेरपिस्टची कुशल सेवा रोज लागायला हवी. नुसता आंघोळीला, जेवायला, उठण्याबसण्याला आधार हवा असेल, तर दिवस शिल्लक असले तरी पैसे थांबतात. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही आल्या दिवशीच मी काकूंना सांगून मोकळी झाले, "शंभर दिवस काही काळजी करू नका." नंतरच्या सगळ्या घोळाची सुरुवात तिथेच झाली.

थेरपी बंद करायचं ठरलं तेव्हा मी पहिली नोटीस शुक्रवारी दुपारी नेली. मेडिकेअर खर्च देणार तो शेवटचा दिवस रविवार. दोन दिवस आधी कळवायचा नियम कागदावर पाळला गेला. पण तातडीचं अपील आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत करायचं असतं, म्हणजे काकूंच्या हातात शनिवार सकाळ तेवढी उरली. मुलगा कामानिमित्त परगावी. त्याला फोन करायचं माझ्या मनातही आलं नाही.

"काकू, नेहमीचाच कागद आहे. इथे सही करा."

काकूंची नोकरी सरकारी ऑफिसात झाली होती आणि त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चोख होतं. चष्मा ड्रॉवरमध्ये होता, तो काढून द्यायला मला मिनिट लागलं नसतं. "तू सांगतेयस म्हणजे बघितलं असशीलच," म्हणत त्यांनी सही केली. आपल्या भाषेत बोलणारं माणूस भेटल्याचा त्यांना आधार वाटत होता, आणि मी त्याचा उपयोग वेळ वाचवायला केला.

काकूंना तिथेच राहायचं होतं, म्हणून दुसरी नोटीस लागली. नर्सिंग होमसाठीच्या या नोटिशीला एसएनएफ एबीएन म्हणतात. त्यात तीन चौकटी असतात. पहिली: सेवा हवी, बिल मेडिकेअरला पाठवा, त्यांनी नाकारलं तर मी भरेन, पण अपील करू शकेन. दुसरी: सेवा हवी, मेडिकेअरला बिल नको, इथे अपीलही नाही. तिसरी: सेवाच नको. खूण पेशंटने स्वतः करायची असते. मी दुसरीत खूण करून कागद सहीला पुढे केला, कारण त्यात आमचं काम कमी होतं. दुसरं कारण मला सांगता येत नाही.

खर्च नाकारण्याचं कारण म्हणून मी 'सुधारणा नाही' एवढंच लिहिलं. 2013 सालच्या जिमो खटल्यातल्या तडजोडीनंतर तेवढं कारण पुरत नाही, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं होतं. आहे ती स्थिती टिकवायला, ढासळू नये म्हणून कुशल सेवा लागत असेल तरी मेडिकेअर पैसे देतं. काकूंना तशी सेवा लागत होती का, हे मी थेरपिस्टला विचारलंच नव्हतं.

बिल हातात पडल्यावर मुलगा आला. आवाज न चढवता त्याने एवढंच विचारलं, "मेडिकेअरला बिल पाठवू नका, असं आई म्हणाली?" मी खरं सांगितलं. नोटीस अवैध ठरली आणि ती रक्कम संस्थेने सोसली. मला लेखी समज मिळाली. ती कमीच होती असं मला आजही वाटतं. काकूंनी मला एका शब्दाने विचारलं नाही, मात्र पुढे प्रत्येक कागद त्या चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या आणि मी उभी असायची.

तुमचे आईवडील अमेरिकेत अशा ठिकाणी असतील, तर प्रत्येक नोटिशीची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. थेरपी का थांबतेय ते थेरपिस्टकडून ऐका, आणि चौकटीतली खूण त्यांनाच करू द्या. घाई करणारी माझ्यासारखी कुणी समोर असेल, तर तिला खुशाल थांबवून ठेवा.