पोचा आलेला फोन

गोष्ट माझीच आहे. पण ती सांगताना ‘मी’ म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून तिच्यातल्या माणसाला नुसतं ‘बातमीदार’ म्हणू या.

साल २०१०. पुण्यातल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर हा बातमीदार नवाच होता. १९ एप्रिलला गिझमोडो या अमेरिकी संकेतस्थळानं बाजारात न आलेल्या आयफोन ४ चे फोटो झळकवले. अ‍ॅपलचा एक तरुण इंजिनिअर तो फोन रेडवूड सिटीतल्या एका बिअर गार्डनमध्ये विसरला होता. ज्याला तो सापडला, त्याच्याकडून गिझमोडोनं ५,००० डॉलर मोजून घेतला, उघडला आणि आतले भाग दाखवले. वर त्या इंजिनिअरचं नाव फोटोसकट छापलं. काही दिवसांतच पोलिसांनी गिझमोडोच्या एका संपादकाच्या घरचं दार तोडून संगणक उचलून नेले. बातमीदार एजन्सीच्या बातम्यांचं भाषांतर करत होता आणि मनातल्या मनात जळत होता. असं घबाड आपल्या हाती कधी लागायचं?

पावसाळ्यात लागलं. त्याचा कॉलेजातला मित्र हिंजवडीत मोबाइल फोनच्या चाचण्या घेणाऱ्या एका कंपनीत होता. दिवाळीच्या तोंडावर येऊ घातलेल्या एका फोनचे तीन फोटो त्यानं मेलवर पाठवले. करड्या टेबलावर पालथा ठेवलेला फोन, पाठीवर बारकोडचं पांढरं स्टिकर, कडेला अर्धवट दिसणारं डब्याचं झाकण.

वृत्तसंपादकांनी फोटो निरखून पाहिले.

“यात वाचकाचं काय?”

“सर, सगळ्यांच्या आधी आपण देतोय!”

“ते आपलं झालं. वाचकाचं विचारतोय मी.”

पण पान लागायची वेळ झाली होती आणि पानावर जागाही होती. बातमीदारानं स्टिकर पुसून घेतलं, डब्याचं झाकण कापलं आणि मित्राला कळवलं, “निर्धास्त राहा.” बातमी बायलाइनसह लागली. घरी चार फोन आले, आईनं कात्रण जपून ठेवलं.

फोनच्या डाव्या कोपऱ्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा पोचा होता, तो मात्र कुणाच्याच लक्षात आला नाही. चाचणीसाठी उंचावरून टाकलेल्या प्रत्येक फोनची इजा तिथल्या रजिस्टरात लिहिली जाते, ही गोष्ट बातमीदाराला पुढच्या आठवड्यात कळली. तो पोचा कोणत्या फोनचा आणि तो फोन कुणाच्या नावावर होता, हे शोधायला कंपनीला एक दिवस पुरला. मित्राकडून राजीनामा लिहून घेतला. बातमीदाराला साधी नोटीसही आली नाही.

त्यानंतर अशी प्रकरणं वाचताना त्याची नजर निकालाआधी एकाच गोष्टीवर जाऊ लागली: किंमत कुणी मोजली? गिझमोडोवर खटला भरायचा नाही असं सरकारी वकिलांनी ऑगस्ट २०११ मध्ये ठरवलं. फोन विकण्याच्या व्यवहारातल्या दोघांना मात्र शिक्षा झाली. त्याआधी, २००४ साली, ‘अ‍ॅस्टरॉइड’ या सांकेतिक नावाच्या एका संगीत-उपकरणाचा तपशील दोन संकेतस्थळांनी छापला, तेव्हा अ‍ॅपलनं फितूर कोण हे शोधण्यासाठी कोर्ट गाठलं. मे २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं सांगितलं की, इंटरनेटवर बातम्या देणाऱ्यांनाही सूत्रांची नावं गुप्त ठेवण्याचं संरक्षण आहे. निकाल मोलाचा होता. पण त्यानं पत्रकार आणि त्याचं सूत्र वाचतं. बातमी छापण्याजोगी होती का, हा प्रश्न तिथेच राहतो.

त्याचं उत्तर बातमीदाराला थेरानोस या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात सापडलं. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबात ढीगभर तपासण्या करतो, असं ही कंपनी सांगत होती. वॉल स्ट्रीट जर्नलचा जॉन कॅरीरू प्रश्न विचारू लागला, तेव्हा तिचे वकील ‘व्यापारी गुपित’ हीच ढाल पुढे करत राहिले. ऑक्टोबर २०१५ मध्ये बातमी आली. बहुतेक तपासण्या दुसऱ्या कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांवर होत होत्या, हेच ते गुपित! उरलेल्या तपासण्यांचे, कंपनीच्या स्वतःच्या यंत्रावरचे अहवालही रुग्णांच्या हातात पडत होते. पुढे कंपनीनं आपल्या यंत्रावरचे दोन वर्षांचे निकाल रद्द केले आणि संस्थापक एलिझाबेथ होम्सला २०२२ मध्ये सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली. माहिती देणाऱ्यांपैकी टायलर शुल्ट्झच्या घरच्यांचे चार लाख डॉलरहून अधिक वकिलांवर गेले. पण इथे मोजलेल्या किमतीच्या बदल्यात लोकांच्या पदरात काही पडलं होतं.

भारतात व्यापारी गुपितांसाठी मार्च २०२४ मध्ये विधी आयोगानं आपल्या २८९व्या अहवालात वेगळा कायदा सुचवला. गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठी आणि जनहितासाठी त्यात अपवाद ठेवले आहेत. दिवाळीत येणाऱ्या फोनचा रंग आणि जाडी या अपवादांपैकी कशातच बसली नसती. वृत्तसंपादकांनी तर कायद्याचं पुस्तक न उघडताच तो प्रश्न विचारला होता.

तो फोन ठरल्या वेळी दुकानात आला. फोटो तेच, फक्त कंपनीनं स्वतः काढलेले. पुढच्या दिवाळीपर्यंत तो बाजारातून गेलाही. माझ्या मित्राला दुसरी नोकरी मिळायला अकरा महिने लागले.