अठरा ठोके

मैत्रिणींनो, भावाकडे पाहुणी म्हणून गेले आणि दिवसभर घोड्यांची नाडी मोजत बसले, असं सांगितलं तर हसाल ना? पण २०१८ च्या जुलैत कॅलिफोर्नियात माझं झालं खरं तसंच. भावाच्या शेजारीणबाई दरवर्षी ‘टेव्हिस कप’च्या मदतीला जात. म्हणाल्या, “चल, माणसं कमी पडतात.”

टाहो सरोवराजवळच्या रोबी पार्कपासून ऑबर्न गावापर्यंत १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, एकाच घोड्यावरून २४ तासांत जायचं! वेंडेल रोबी यांनी १९५५ मध्ये ही दौड सुरू केली. पहाटे सव्वापाचला निघायचं, सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडायचे, मग भट्टीसारख्या तापलेल्या दऱ्या. साधारण निम्मेच घोडे शेवटपर्यंत पोचतात.

आणि यामागची धावपळ? आपलं लग्नघर बरं! आडरानात पाणी आणि गवत आधी नेऊन ठेवायचं, रात्रीच्या वाटेवर चमकणाऱ्या कांड्या बांधायच्या, गाड्या लावून घ्यायच्या, लीद उचलायची. शेकडो माणसं राबतात, पैसा कोणालाच नाही. लीद मीही उचलली; त्याचं काही वाटलं नाही. अवघड होतं ते पुढेच.

माझी नेमणूक ६८ मैलांवरच्या फॉरेस्टहिलला होती. घोड्याच्या डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावायचा, पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. अशा दौडींत बहुधा ६० ते ६४ ची मर्यादा असते. नाडी त्याखाली आली की मगच घोडा डॉक्टरांपुढे जातो. ते मानेची कातडी चिमटीत धरून बघतात, हिरड्या बघतात, पोटातले आवाज ऐकतात, घोड्याला दुडकं पळवून लंगडतो का तेही बघतात.

दिवेलागणीला एक पन्नाशीच्या बाई आल्या. धुळीनं डोळेच काय ते दिसत होते. मी मोजले, अठरा. म्हणजे ७२. माणसाला ठीक, पण घोड्याची विसाव्याची नाडी ३० ते ४०!

“पुन्हा मोजा ना,” त्या काकुळतीला आल्या. “दोन वर्षं तयारी केलीय हो.”

पुन्हा अठरा. खरं सांगू? वर्गात ३४ चे ३५ करताना मी कधी मागंपुढं पाहिलं नाही. इथंही सोळा म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? घोड्याला थोडंच बोलता येतं! पण पुढं अंधारातले ३२ मैल त्या मुक्या जिवालाच चालायचे होते. मी ७२ सांगितले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्पंजानं घोड्याच्या मानेवर पाणी घालत राहिल्या. नाडी काही केल्या उतरेना. अखेर डॉक्टरांनी त्यांची दौड तिथंच थांबवली. बाईंनी खोगीर उतरवलं, लगाम माझ्या हातात दिला आणि गाडी आणायला गेल्या. घोड्यानं ओलं नाक माझ्या ओढणीला पुसलं आणि बादलीत तोंड घातलं.